परभणीतलं फॅब्रिकेशनचं शेड, वाळूजचं जॉबवर्क: कॅड कोणतं शिकावं आणि कोणतं घ्यावं?

जिंतूररोड_फॅब्रिकेशन

नमस्कार मंडळी. परभणीला जिंतूर रोडवर आमचं फॅब्रिकेशनचं शेड आहे. वडिलांनी वखर, तिफण आणि बैलगाडीच्या लोखंडी कामापासून सुरुवात केली. आता ट्रॅक्टरची पेरणी यंत्रं करतो, त्यात बीबीएफ (रुंद वरंबा-सरी) सुद्धा. मृगाच्या आधी तीन-चार महिने मान वर करायला सवड नसते. नंतर वर्षभर गेट, ग्रिल आणि शेडचे कैचे.

आमच्याकडं ड्रॉइंग म्हणजे शेडची फरशी. वडील खडू, दोरी आणि गुण्या घेऊन जमिनीवर एकास एक मापात फ्रेम काढतात. वेल्डर त्याच रेषांवर अँगल ठेवून टॅक मारतो. वीस वर्षांत एक फ्रेम तिरपी गेलेली मला आठवत नाही. पण फरशी काही ई-मेल करता येत नाही, आणि आता गाडं तिथंच अडलंय.

दिवाळीनंतर संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या एका व्हेंडरकडून शीट मेटलचं काम मिळायला लागलं. पॅनेलची कव्हरं, ब्रॅकेट, असलं. कटिंग लेझरवर बाहेरून करून घेतो. बेंडिंगला सेकंडहँड प्रेस ब्रेक (पत्रा वाकवायचं मशीन) घेतलाय. पहिल्या मोठ्या ऑर्डरचं ड्रॉइंग भाच्यानं करून दिलं. तो डिप्लोमाला आहे, त्याच्या लॅपटॉपवर कॉलेजचं ऑटोकॅड, म्हणजे ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर आहे. फाईल लेझरवाल्याला पाठवली. दोन दिवसांनी टेम्पो आला आणि ताडपत्री काढली तर चोवीसच्या चोवीस कव्हरांच्या पट्ट्या सुट्या! मधला चौकोन वेगळा, चारी बाजूंच्या कडा वेगळ्या. जिथं बेंड मारायचा तिथल्या रेषाही मशीननं कापून टाकल्या होत्या. दोन मिलीच्या आठ बाय चारच्या दोन शीट, म्हणजे ९३ किलो माल भंगारात. लेझरवाला म्हणतो, फाईलमध्ये रेषा होती, आम्ही कापली. भाचा म्हणतो, ती बेंडची रेषा आहे हे कुणालाही कळतं. दोघंही आपापल्या जागी बरोबर, पैसे माझे गेले.

पुन्हा केलेल्या लॉटमध्ये दुसरंच. कव्हर जवळपास अर्धा मिलीमीटर मोठं आलं. वडिलांचा हिशोब ठरलेला: दोन मिलीच्या पत्र्याला बाहेरची मापं बेरीज करायची आणि दर बेंडला साडेतीन वजा. भाच्याच्या सॉफ्टवेअरनं दुसराच आकडा काढला होता. घरात दोन दिवस अबोला.

आता व्हेंडर म्हणतो, यापुढं कागदी ड्रॉइंग येणार नाही, स्टेप फाईल (वस्तूचा थ्रीडी आकार असलेली) येईल, तीच खरी धरायची. ती मी मोबाईलवर कशीबशी गोल फिरवून बघतो, पण एक माप काढता येईना.

माझं म्हणाल तर आयटीआय फिटर, वय ४१. ड्रॉइंग वाचता येतं, कॉम्प्युटरवर फक्त बिलं करतो. मशीन जुनं आय-फाईव्ह, ८ जीबी रॅम. इंटरनेट मोबाईलचं. लाईटचं तुम्हाला सांगायला नको. एका डीलरकडून थ्रीडीच्या सॉलिडवर्क्सचं कोटेशन घेतलं. त्या पैशात एक चांगली पॉवर प्रेस येईल. एका मित्रानं पेन ड्राईव्ह दिलाय, म्हणे सगळी सॉफ्टवेअरं आहेत, टाक आणि चालव.

टूडी शिकून भागेल का सरळ थ्रीडीच धरू? फुकटातलं धंद्याला चालतं का? कुणी आपल्या भागातलं, हातानं काम करणारं असेल तर बोला. यूट्यूबवाल्यांनी डोकं फिरवून टाकलंय.

---

गंगाखेड_४३१५१४

भाऊ, पेन ड्राईव्ह टाका अन् मोकळे व्हा. परभणीत कोण बघायला येतंय? सगळी दुनिया तेच करती.

---

वाळूजचा_ड्राफ्ट्समन

आधी वरच्या दोस्ताला उत्तर देतो. दादा, परभणीत येऊन कुणी बघत नाही हे खरं. पण त्यांची फाईल परभणीत थांबणार नाही, वाळूजला जाणार आहे, आणि तिथून पुढं त्या व्हेंडरच्या गिऱ्हाईकाकडं. मोठ्या कंपन्या पुरवठादाराला लायसन्स विचारतात. शिवाय कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३ ब. चोरीची प्रत आहे हे माहीत असून धंद्यासाठी वापरली तर ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद, आणि दंड ५० हजार ते २ लाख. वर त्या क्रॅकसोबत काय काय आत शिरतं ते वेगळंच. ज्या मशीनवर जीएसटीचं पोर्टल उघडता, त्याच मशीनवर तो पेन ड्राईव्ह लावणार का?

आणि जिंतूर रोडवाले भाऊ, भाच्याचं विद्यार्थी लायसन्ससुद्धा धंद्याला चालत नाही. ते शिकायला दिलंय. पोराचा दोष नाही, पण बंद करा.

आता मूळ मुद्दा. मी १९९६ पासून या लाईनीत आहे. सुरुवातीला सहा महिने चिकलठाण्यात ड्रॉइंग बोर्डवर काढले. ट्रेसिंगवर चूक झाली की ब्लेडनं शाई खरवडायची. प्रिंट काढायला गेलं की अमोनियाच्या वासानं डोळ्यांतून पाणी. मग ऑटोकॅड आर १२ आलं, डॉसवर चालणारं, काळा पडदा आणि खाली कमांडची ओळ. मग आर १४. गेली सोळा-सतरा वर्षं सॉलिडवर्क्स. सांगायचं कारण एवढंच, की माझ्या हाताखालून पाच-सहा सॉफ्टवेअरं गेली आणि स्क्रॅप प्रत्येकात झालं. माझ्या नावावरचं सगळ्यात मोठं स्क्रॅप तर कुठल्याच सॉफ्टवेअरमुळं नव्हतं. अमेरिकेच्या गिऱ्हाईकाचं ड्रॉइंग होतं, थर्ड अँगलमध्ये, म्हणजे उजवीकडून दिसणारं चित्र उजवीकडंच मांडलेलं. आपण शाळेपासून फर्स्ट अँगल, म्हणजे नेमकं उलटं शिकलेलो, आपल्या बीआयएसच्या एसपी ४६ मध्येही तेच. टायटल ब्लॉकमधलं कापलेल्या शंकूचं एवढंसं चिन्ह मी बघितलंच नाही. चाळीस ब्रॅकेट डाव्याचे उजवे झाले. कागदावर प्रत्येक माप बरोबर, क्वालिटीवाल्यानं व्हर्नियर लावून पास केले, आणि गाडीवर एकही बसेना. आजही कुठलंही ड्रॉइंग हातात आलं की माझी नजर आधी खालच्या उजव्या कोपऱ्यात जाते.

तुमचं ९३ किलोसुद्धा तसंच. ऑटोकॅडनं कापलं नाही, कटच्या आणि बेंडच्या रेषांचे लेयर (थर) वेगळे न केल्यानं कापलं गेलं. म्हणून सॉफ्टवेअर निवडताना यादीतली फीचर्स मोजू नका. तुमच्या शेडमध्ये फाईल कोणत्या रूपात येते आणि कोणत्या रूपात बाहेर जाते ते बघा. येते स्टेप, जाते डीएक्सएफ, म्हणजे लेझरला लागणारी सपाट रेषांची फाईल. ही दोन दारं ज्याला नीट उघडता-लावता येतात ते तुमचं सॉफ्टवेअर. स्टेप हा आंतरराष्ट्रीय नमुना आहे, आयएसओ १०३०३. तो कुठल्या एका कंपनीच्या मालकीचा नाही, म्हणून तर व्हेंडरनं तो निवडलाय. तुमच्याकडं सॉलिडवर्क्सच हवं असं तो म्हणालाय का? नाही ना? मग त्या कोटेशनची घडी करून ठेवा. ते फार चांगलं सॉफ्टवेअर आहे, माझं पोट त्यावर चालतं. पण ज्या दिवशी गिऱ्हाईक त्याची मूळ फाईल मागेल त्या दिवशी घ्या, आणि तेव्हासुद्धा त्याच्याकडं कुठल्या सालचं आहे ते विचारून. नव्या सालात सेव्ह केलेली फाईल जुन्या सालातल्याला उघडत नाही, यावरून वाळूजमध्ये रोज कुठं ना कुठं फोनवर भांडण चालू असतं.

नुसतं टूडी घेतलं तर स्टेप उघडणार नाही, म्हणजे थ्रीडी टळत नाही. तुमच्या परिस्थितीत मी फुकट मिळणारं फ्रीकॅड धरायला सांगेन. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. धंद्याला वापरायची पूर्ण मुभा, इंटरनेटशिवाय चालतं, स्टेप उघडतं, डीएक्सएफ काढतं. शीट मेटलचा भाग मूळ पॅकेजमध्ये नाही, ॲड-ऑन म्हणून एकदा उतरवून घ्यावा लागतो. मला स्वतःला त्याचे मेनू आवडत नाहीत, एकच बटण चार ठिकाणी शोधावं लागतं. पहिले आठ दिवस शिव्या द्याल. द्या.

फ्यूजनची फुकट आवृत्ती आणि ऑनशेपची फुकट आवृत्ती तुम्हाला यूट्यूबवर सारखी दिसत असेल. दोन्ही बिगर-धंद्याच्या वापरासाठी आहेत. फ्यूजनच्या वैयक्तिक लायसन्सात एका वेळी दहाच फाईली चालू ठेवता येतात. ऑनशेपच्या फुकट खात्यात तर तुमचं मॉडेल सगळ्या जगाला दिसतं. व्हेंडरचं डिझाईन तिथं टाकलं तर तो तुम्हाला पुन्हा काम देईल का? आणि मोबाईलच्या नेटवर, पेरणीच्या दिवसात, क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून चालणारं सॉफ्टवेअर म्हणजे डोक्याला ताप.

पैसे साठले की डीडब्ल्यूजीवर (ऑटोकॅडच्या फाईलवर) चालणारं, एकदाच पैसे भरून कायमचं मिळणारं टूडी घ्या. झेडडब्ल्यूकॅड, ब्रिक्सकॅड वगैरे. ऑटोकॅडवाल्या ऑटोडेस्कनं कायमची लायसन्सं २०१६ पासून बंद केली, तिथं आता दरवर्षी भाडं. जिथं वर्षातले आठ महिने गेट-ग्रिल असतं तिथं भाडं परवडत नाही. कोटेशनवर १८ टक्के जीएसटी लागेल, तो क्रेडिटमध्ये येईल, ते गृहीत धरूनच तुलना करा.

आता तुमच्या घरातला अबोला. भाऊ, वडील बरोबर आहेत, आणि सॉफ्टवेअरही बरोबर आहे. पत्रा वाकतो तेव्हा बाहेरची बाजू ताणते, आतली दबते. मध्ये कुठंतरी एक थर असा असतो जो ना ताणतो ना दबतो. तो आतल्या बाजूपासून जाडीच्या किती भागावर आहे, तो आकडा म्हणजे के फॅक्टर. समजा पत्रा २ मिली, आतली त्रिज्या २, काटकोनी बेंड. बाहेरून ५० आणि ३० चा एल. वडील म्हणणार ८० वजा साडेतीन, ७६.५. हे गणित उलटं सोडवलं तर के येतो ०.४३. सॉफ्टवेअरमध्ये के ०.५ ठेवलेला असेल तर लांबी येते ७६.७१. एका बेंडला ०.२१ चा फरक, आणि तुमच्या कव्हरात दर दिशेला दोन बेंड, म्हणजे ०.४२. तुमचा जवळपास अर्धा मिलीमीटर इथंच गेला, मी पैज लावतो.

दुसऱ्याचा के घेऊ नका, माझाही नको. तो तुमच्या डायवर, पत्र्यावर ठरतो. १०० मिलीची पट्टी कापा, अगदी १००.० असल्याची व्हर्नियरनं खात्री करा. रोजच्या डायवर मधोमध काटकोनात वाकवा. दोन्ही पाय बाहेरून मोजा, बेरीज करा, १०० वजा करा. जे उरेल तो तुमच्या प्रेस ब्रेकचा आकडा. अशा तीन पट्ट्या करा आणि सरासरी घ्या. त्रिज्याही मोजून घ्या, रेडियस गेज नसेल तर ड्रिलच्या दांड्या आत लावून बघा कुठली बसते. दर जाडीला हे एकदा करून भिंतीवर खडूनं लिहा. इथं फरशी नाही, भिंत.

मशीनला रॅम १६ करा आणि एसएसडी नसेल तर टाका. ऑटोसेव्ह पाच मिनिटांवर.

---

चिकलठाणा_लेझर

मी लेझर मशीनवर प्रोग्रामिंग करतो. तुमचा नाही, दुसरा. आमची बाजू मांडतो. रात्रपाळीला मशीनवर जो पोरगा असतो त्याला दिसतात फक्त रेषा. कुठली बेंडची, कुठली कटची, कुठली मापाची, हे फाईलनं सांगायचं असतं. दिवसाला चाळीस-पन्नास फाईली येतात, प्रत्येकाला फोन होत नाही. (व्हायला पाहिजे. तुमच्या माणसानं चोवीस कापायच्या आधी एक कापून फोटो टाकायला हवा होता, ते मान्य.)

डीएक्सएफ पाठवताना कटिंग एका लेयरवर, बेंड दुसऱ्या लेयरवर, आणि मापं, टायटल ब्लॉक, कंपनीचा लोगो काहीच नको. एकानं आम्हाला गणपतीसकट टायटल ब्लॉक पाठवला होता. एकास एक मापातच पाठवा. जुन्या डीएक्सएफमध्ये एककच लिहिलेलं नसतं, त्यामुळं इंचात काढलेलं मिलीमीटर म्हणून उघडतं आणि दार काडेपेटीएवढं होतं. म्हणून सोबत व्हॉट्सॲपला एकच ओळ टाका: बाहेरचं माप अमुक बाय तमुक, जाडी, नग. ते जुळलं नाही तर आम्ही थांबतो.

अजून एक. रेषेवर रेषा पडली असेल तर मशीन तीच जागा दोनदा कापतं, कड जळते. आणि कोपऱ्यात रेषा जुळलेली नसेल तर आकार बंद होत नाही, सॉफ्टवेअर आत-बाहेर ठरवू शकत नाही. ऑटोकॅडसारख्यात ओव्हरकिल (दुबार रेषा पुसणारी कमांड) मारा. फ्रीकॅडच्या स्केचमधून काढलेल्यात हा त्रास कमी येतो असा माझा अनुभव आहे, कारण तिथं स्केच बंद नसेल तर पुढं सपाट पत्राच होत नाही.

---

जिंतूररोड_फॅब्रिकेशन

काका, वडिलांना तुमचं उत्तर वाचून दाखवलं. ०.४३ त्यांना काही कळलं नाही, पण "वडील बरोबर आहेत" हे दोनदा वाचायला लावलं.

पट्टीचं उद्याच करतो. एकच शंका. मी फ्रीकॅड उघडलं, चौकोन काढला, माप दिलं तर दुसरीच बाजू सरकते. एक कोपरा ओढला की सगळं तिरपं. हे असंच असतं का? फरशीवर रेष मारली की ती तिथंच राहते बुवा.

---

नांदेड_तरोडा_क्लास

दादा, मी नांदेडला कॅडचे क्लास घेते, म्हणून मी क्लास लावा असंच म्हणणार असं वाटेल. तसं म्हणत नाहीये. पंचेचाळीस दिवसांत चार सॉफ्टवेअरं आणि फ्रेम केलेलं सर्टिफिकेट, हा जो प्रकार सगळीकडं चालतो त्यातून आलेली मुलं माझ्याकडं पुन्हा येतात. कमांड सगळ्या पाठ, पण भोकाला टॉलरन्स (मापातली सूट) का द्यायचा ते सांगता येत नाही. तुम्ही उलटे आहात. तुम्हाला वस्तू माहीत आहे, बटण माहीत नाही. ते सोपं असतं. रीतसर शिकायचंच असेल तर संभाजीनगरला इंडो-जर्मन टूल रूमचे कोर्स चौकशी करण्यासारखे आहेत, पण पेरणीच्या तोंडावर तुम्ही शेड सोडून जाल असं वाटत नाही.

तुमची अडचण अगदी पहिल्या पायरीवरची आहे. फरशीवर रेष मारताना तुम्ही मनात चार गोष्टी धरता: ही आडवी, ही उभी, ही भिंतीपासून इतकी, या दोन सारख्या. कॉम्प्युटरला त्या मनातल्या गोष्टी बोलून सांगाव्या लागतात. त्यालाच कन्स्ट्रेंट म्हणतात. चौकोनाचा एक कोपरा आधी मूळ बिंदूला बांधा, मग दोन मापं द्या. फ्रीकॅडमध्ये स्केच पूर्ण बांधलं गेलं की सगळ्या रेषा हिरव्या होतात. हिरवं झाल्याशिवाय पुढं जायचं नाही, एवढा एकच नियम पहिला महिनाभर पाळा. सॉलिडवर्क्समध्ये हेच निळ्याचं काळं होतं. पोरं निळ्यावरच पुढं पळतात आणि दहाव्या पायरीला रडतात.

यूट्यूबवरचा तो ठरावीक बुश आणि ब्रॅकेट काढत बसू नका. तुमची बी पेटी काढा. मग फ्रेम. आणि पेरणी यंत्राला थ्रीडीचा खरा उपयोग कुठं आहे सांगू? सोयाबीनला शेतकरी १८ इंच मागतो, म्हणजे ४५ सेंटीमीटर. तुरीला जास्त. दर गिऱ्हाईकाला फणातलं अंतर वेगळं. फ्रीकॅडमध्ये आत एक स्प्रेडशीट असतं. त्याच्या एका खान्यात "फणातलं अंतर ४५०" लिहा आणि स्केचमधलं माप त्या खान्याला जोडा. खान्यात ६०० केलं की त्याला जोडलेलं सगळं, म्हणजे फण, क्लॅम्प, हवी तर फ्रेमची लांबी, आपोआप सरकतं. फरशी पुसून पुन्हा काढायची गरज नाही. शिवाय वजन मिळतं. स्टीलची घनता ७.८५ धरायची, दोन मिलीचा पत्रा चौरस मीटरला १५.७ किलो. तुम्ही किलोवर भाव देत असाल तर कोटेशन पाच मिनिटांत.

जुन्या फ्रीकॅडमध्ये एक वाईट खोड होती. सुरुवातीचं एखादं भोक हलवलं की पुढचं सगळं विस्कटायचं, कारण आतल्या कडांची नावं बदलायची. १.० पासून ते बरंच आवरलंय. म्हणून जुने व्हिडिओ बघून घाबरू नका, आणि १.० च्या आधीची आवृत्ती कुणी दिली तर टाकू नका.

व्हेंडरच्या स्टेपबद्दल काकांनी सांगितलं नाही ते सांगते. त्यात बेंड म्हणून काही वेगळं लिहून आलेलं नसतं, नुसता घन आकार येतो. जाडी सगळीकडं सारखी असेल आणि कोपऱ्यांना आतून त्रिज्या दिलेली असेल तर शीट मेटलच्या भागात एक सपाट बाजू निवडून अनफोल्ड केलं की उलगडतो. कोपरा धारदार, त्रिज्या शून्य असेल तर उलगडत नाही. तेव्हा डोकं फोडून घेऊ नका, व्हेंडरला सांगा त्रिज्या टाकून पाठव.

---

वाळूजचा_ड्राफ्ट्समन

ताईंनी त्रिज्येचं बरं आठवण करून दिलं. आमच्या इथले नवे डिझायनर सर्रास धारदार कोपरे ठेवून स्टेप सोडतात. मागून घ्या, लाजू नका.

---

जिंतूररोड_फॅब्रिकेशन

मंडळी, तीन आठवड्यांनी येतोय. मध्ये दोन लग्नं आणि एक मोठं गेट होतं.

रॅम वाढवली, एसएसडी टाकली. पट्टीचा प्रयोग केला. तीन पट्ट्या, तिन्ही १००.० च्या. पहिली वाकवल्यावर ५१.९ आणि ५१.७, बेरीज १०३.६. दुसरी १०३.६, तिसरी १०३.५. म्हणजे साडेतीन नाही, ३.६ च्या आसपास. वडील म्हणाले, माझा आकडा जुन्या मशीनवरचा, ही मशीन तुझी. ड्रिलच्या दांडीनं आतली त्रिज्या २ आली. के ०.४० बसवला. भिंतीवर लिहिलंय, दोन मिलीपुढं. दीड मिलीची जागा अजून मोकळी आहे.

व्हेंडरची अठरा कव्हरांची स्टेप आली. उलगडली नाही. धारदार कोपरे! ताईंचं वाक्य तसंच व्हेंडरला पाठवलं, दुसऱ्या दिवशी त्रिज्या टाकून आली. मग उलगडली. बेंडच्या रेषा वेगळ्या लेयरवर काढायला मला दोन रात्री लागल्या, कारण पहिल्या रात्री लाईट गेली आणि मी ऑटोसेव्ह लावलेलं नव्हतं. काकांनी सांगितलं होतं, माहीत आहे. डीएक्सएफसोबत व्हॉट्सॲपला ओळ टाकली: बाहेरून ४६८ बाय ३६८, २ मिली, १८ नग. लेझरवाल्याचा चक्क फोन आला. म्हणाला, आतल्या चौकोनाच्या रेषा बेंडच्या ना? म्हटलं, हो बाबा. एक कापून फोटो पाठवला, मग बाकीची. अठरापैकी अठरा बसली. एकाचं भोक माझ्याच हातानं चुकीच्या बाजूला टॅप झालं, ते सोडून द्या.

पेरणी यंत्राची फ्रेम अर्धी झालीय. स्प्रेडशीटला जोडली. ४५० चं ६०० केलं तर कडेचा फण सरळ चाकात घुसला. आम्ही तुरीसाठी ६० सेंटीमीटरचं यंत्र कधी केलं नव्हतं, एका गिऱ्हाईकानं यंदा मागितलंय. फरशीवर केलं असतं तर वेल्डिंग झाल्यावर कळलं असतं. आता चाकाचा ब्रॅकेट बाहेर सरकवायचा की फ्रेमच लांब करायची, यावर घरात पुन्हा वाद आहे. लांब केली तर गावातल्या रस्त्यानं ट्रॅक्टर नेताना कडेला घासते असं वडिलांचं म्हणणं, आणि ते सॉफ्टवेअरमध्ये दिसत नाही.

वडिलांनी परवा खुर्ची ओढून तासभर स्क्रीनसमोर बघितलं. काही बोलले नाहीत. उठताना विचारलं, हे फरशीएवढं छापून मिळतं का, एकास एक? खाली पसरवलं की वेल्डरला खडूची गरज नाही. फ्रेम सव्वादोन मीटरची आहे, ए-झीरो कागद ११८९ मिलीचा, म्हणजे दोन जोडावे लागतील. ताई, नांदेडला एवढा मोठा प्रिंट कुठं निघतो? परभणीत फ्लेक्सवाला म्हणतो काढून देतो, पण फ्लेक्स ताणला की माप बदलणार नाही का?